तिम्मव्वाचा चालता आंबा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा या मुलखात सडका नव्हत्या, चाकोऱ्या होत्या, आणि चाकोरी नेईल तिकडं माणूस जात होता. त्या चाकोऱ्यांवरून वडारांच्या बैलगाड्या फिरायच्या. गाडीत घण असायचे, पहारी, सुतक्या, छिन्न्या असायच्या आणि घडवलेली जाती, पाटे, वरवंटे असायचे. गाव आलं की बाहेरच्या माळावर पालं पडायची. मग बायका आळीआळीतून हाळी घालत जायच्या, "टाकीऽऽ, जात्याला टाकी!" दळून दळून गुळगुळीत झालेल्या जात्याला त्या छिन्नीचे टोचे मारून पुन्हा खरखरीत करून द्यायच्या आणि बदल्यात पसाभर जोंधळा घ्यायच्या. काम संपलं की पालं गुंडाळायची, बैल जुंपायचे आणि पुढचं गाव धरायचं. मागं राहायची ती फक्त चुलीची राख.

अशाच एका गाडीत तिम्मव्वा होती.

तिम्मव्वा उंच होती, रुंद हाडापेराची होती, आणि हसली की माळाच्या त्या टोकाला ऐकू जायचं. ती दगडाला आधी बोटानं वाजवायची, कान लावायची आणि म्हणायची, "ह्यो इथं फुटतोय बघा." मग घण उचलायची. दुसरा घाव तिला कधी घालावा लागला नाही, असं म्हणतात.

लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. उन्हाळा होता. एका गावात एका म्हातारीच्या अंगणात तिम्मव्वा जात्याला टाकी देत बसली होती. अंगणात आंब्याचं झाड होतं. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं आणि झाडाखाली मात्र गारवा, जणू कुणी ओलं फडकं अंगावर टाकलंय. काम झालं. म्हातारीनं जोंधळा दिला आणि वर एक पिकला आंबा दिला. तिम्मव्वानं आंबा खाल्ला, कोय चोखून पांढरी केली आणि विचारलं, "आजी, ह्ये झाड कुणाचं?"

"माझंच की गं," म्हातारी म्हणाली. "लगीन होऊन आले त्याच साली सासऱ्यांनी माझ्या हातानं कोय पुरायला लावली. घर आणि झाड बरोबरच मिळालं बघ मला."

तिम्मव्वा कितीतरी वेळ वर बघत राहिली. मग तिनं कोय पदराला बांधली आणि पालावर आली.

तिचा नवरा मरेप्पा. भला माणूस, पण जगाची रीत सोडून चालणारा नव्हे. त्यानं ती कोय बघितली आणि हसला. "झाडाला घर लागतं, तिम्मे. आपल्याला पाल हाय."

"मग झाड आपल्यासंगं चालंल."

"झाडं चालत न्हाईत."

"माणसं तरी कुठं जन्मल्या जन्मल्या चालतात? शिकंल."

आणि तिनं एका फुटक्या मडक्यात माती भरली, राख मिसळली, कोय सावलीत सुकवली, तिचं वरचं कवच हलक्या हातानं फोडलं, जसं एखादीनं झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं, आणि आतलं बी मातीत ठेवलं. पाऊस पडला. एके सकाळी मडक्यातून तांबूस कोंब वर आला, आणि त्याला तांब्याच्या रंगाची, लोंबती, मऊ पानं फुटली. "वाळलं वाटतं," मरेप्पा म्हणाला. "वाळलं न्हाई, आत्ताच आलंय," तिम्मव्वा म्हणाली.

त्या दिवसापासून झाड चालायला लागलं. गाडीत मडकं, मडक्यात झाड. वाटेतल्या शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून भोवती बाभळीच्या काट्या. माळावर पाल पडलं की आधी मडकं उतरायचं, मग चूल मांडायची. गावोगावच्या बायका हे बघायला जमायच्या. आधी हसायच्या, मग शिकवायच्या. एकीनं सांगितलं, बाई, बुंध्यावर पाणी नको ओतू, कडेनं घाल. दुसरी म्हणाली, मुळावर पाचोळा पसर, ओल टिकंल. तिसरीनं तुडतुड्यांवर कडुनिंबाच्या पाल्याची धुरी सांगितली. तिम्मव्वा सगळ्यांचं ऐकायची, आणि ज्या गावी जे ऐकलं ते पुढच्या गावी सांगायची. तिला झाडाचं वेड लागलंय असं आधी तिच्याच गाड्यांतली माणसं म्हणायची. पण पुढं पुढं झालं काय, की त्यांच्या टाकीच्या हाळीआधीच गावात बोलवा व्हायची, "झाडवाली आली, झाडवाली आली!" आणि जाती आपोआप अंगणात यायची.

झाड वाढलं. मडकं पुरेना. तेव्हा तिम्मव्वानं एक काळा फत्तर निवडला आणि त्याची कुंडी घडवली. आत बैल बसेल एवढी मोठी, असं म्हणतात. पाणी साचलं की मूळ कुजतं हे तिला कळून चुकलं होतं, म्हणून कुंडीच्या तळाला तिनं मुठीएवढं रुंद भोक पाडलं. कुंडी गाडीवर चढवायला आठ माणसं लागली आणि नववी तिम्मव्वा.

असं चालत चालत, एका आषाढात त्या गाड्या काळखडक गावाला आल्या.

काळखडक म्हणजे नावासारखंच गाव. खाली सगळा अखंड काळा पाषाण, वर हातभर माती. बाभळ उगवायची, तीही खुरटी. गावाला एकच आड, तोही वैशाख संपता संपता तळ दाखवायचा. पावसानं वाटा चिखलात बुडाल्या, म्हणून वडारांनी गावाबाहेरच्या माळावर पावसाळा काढला. कुंडी माळावर उतरवली होती. झाडानं त्या चार महिन्यांत अशी उचल खाल्ली की बघणाऱ्यानं बघत राहावं.

दिवाळी झाली. वाटा सुकल्या. गाड्या जुंपल्या. आठ माणसं कुंडीला लागली, नववी तिम्मव्वा लागली, आणि कुंडी हलली नाही.

बैल लावले. दोरखंड तुटले, कुंडी हलली नाही.

तेव्हा तिम्मव्वा पालथी झोपली आणि तिनं कुंडीच्या तळाशी हात घातला. तळाच्या भोकातून मूळ बाहेर आलं होतं, मनगटाएवढं जाड, आणि सरळ खडकात शिरलं होतं. तो खडक अखंड होता. त्याला चीर नव्हती, भेग नव्हती. दगडाची जन्मभराची ओळख असणारी ती बाई, पण असं मूळ तिनं कधी पाहिलं नव्हतं. लोण्यात सुरी जावी तसं ते गेलं होतं, असं म्हणतात.

तिचा थोरला दीर, म्हणजे गाड्यांचा म्होरक्या, म्हणाला, "कुऱ्हाड आणा. मूळ तोडा. जगलं तर जगलं."

तिम्मव्वा कुंडीला पाठ लावून उभी राहिली. "ह्याला मी पाय दिले," ती म्हणाली, "त्यानं आता बूड टेकलंय. मी तोडू देणार न्हाई."

"मग तू ऱ्हा हितं!"

"ऱ्हाते."

मरेप्पानं समजावलं, मग तो रागावला. गाड्या हलल्या तसा तो भावाच्या गाडीत बसला. वळणापर्यंत तो मागं बघत होता आणि ती गाड्यांकडं बघत नव्हती, झाडाकडं बघत होती. डोळ्यांतलं पाणी मात्र तिनं पुसलं नाही. ते मुळावर पडू दिलं.

दुसऱ्या दिवशी गावचे हैबतराव पाटील माळावर आले. पाटील दुष्ट नव्हते. पण गावाची रीत होती की परक्यानं माळावर पावसाळा काढावा, कायमची चूल मांडू नये. आणि रीत काही उगाच पडली नव्हती.

"बाई, आमच्याच घागरी भरत नाहीत," पाटील म्हणाले. "आणखी एक तोंड आणि वर एक झाड. उन्हाळ्यात काय पाजशील त्याला?"

"तुमच्या आडाला मी घागर लावणार न्हाई, पाटील. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरीन आणि झिरपंल तेवढ्यात भागवीन."

पाटलांनी झाडाकडं पाहिलं. काळखडकात आंबा कधी झालाच नव्हता. उन्हाळा त्याचा निकाल लावील, आपण कशाला वाईट व्हा, असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "बरं. झाड वाळलं त्या दिवशी निघायचं."

"आणि फळलं तर?"

पाटील हसले. "फळलं तर घर बांध. मीच जागा दाखवीन."

"ध्यानात ठेवा हां," तिम्मव्वा म्हणाली, आणि ओढ्याकडं निघाली.

हिवाळा गेला. होळी जवळ आली तसा एके दिवशी माळावर एकच गाडी आली. गाडीत मरेप्पा होता. तो उतरला, बैल सोडले आणि म्हणाला, "कुठल्याबी गावाला गेलो की बाया इचारतात, झाडवाली कुठं? काय सांगू त्यांना?" तिम्मव्वानं त्याला भाकरी वाढली.

पण तो उन्हाळा साधा नव्हता. त्या साली चैत्रातच आड आटला. ओढ्याचा झिरा वाटीभर पाण्यावर आला. गावातल्या बायका पलीकडच्या खोऱ्यातून पाणी आणायला लागल्या, आणि येता येता वाटेतच घागरीतलं निम्मं पाणी पिऊन व्हायचं, एवढं ऊन. तिम्मव्वा आपल्या वाटणीतलं अर्धं पाणी प्यायची आणि अर्धं झाडाला घालायची. तोंड धुवायचं तर कुंडीवर वाकून धुवायची. तरी पानं कोमेजली, कडेनं करपली, आणि एका दुपारी झाडानं मान टाकली.

तेव्हा तिम्मव्वानं छोटी हातोडी घेतली आणि माळावरचा खडक वाजवायला सुरुवात केली. इथं ठण्, तिथं ठण्. मूळ जिथं शिरलं होतं तिथून ती पावलापावलानं लांब गेली, पुन्हा जवळ आली. मुळाच्या जवळच एका जागी तिनं कान लावला. मग मरेप्पाला बोलावलं. त्यानं कान लावला.

"पोकळ न्हाई," तो म्हणाला.

"पोकळ न्हाई. ओला हाय."

"लई खोल हाय, तिम्मे."

"ह्ये गेलंय न्हवं एवढं खोल?" तिनं झाडाकडं बोट दाखवलं. "ह्याला ना हात ना पहार. आपल्याला दोन्ही हाय."

आणि दोघांनी खणायला घेतलं. मातीचा थर संपला, मुरूम संपला, काळा पाषाण लागला. पाचरी ठोकायच्या, घण घालायचे, दगडाच्या कपच्या पाटीत भरून वर ओढायच्या. बाजूनं मूळ खाली खाली चाललेलं दिसायचं, आणि ते जिकडं वळेल तिकडं तिम्मव्वा वळायची. पहिले काही दिवस गाव लांबून बघत होतं. मग पाटलीण सगुणाबाई आल्या, काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण गावाचं पाणी शोधायचं सोडून झाडाच्या मागं कशी खणतेस?"

तिम्मव्वा खालून म्हणाली, "पाटलीणबाई, तहानलेल्यामागं गेलं की पाणी गावतं."

सगुणाबाई उठल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि पाटी ओढायला लागल्या. पाटलीणच पाटी ओढतेय म्हटल्यावर घरात बसेल कोण? बायका आल्या, बायकांमागं बाप्ये आले, आणि शेवटी स्वतः हैबतराव आले. त्यांनीही दोराला हात लावला.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी तिम्मव्वाचा घण एकदा पडला आणि आवाज बदलला. तिनं घण खाली ठेवला. खडकाच्या पोटात मुळाचं टोक दिसत होतं, लहान पोराच्या करंगळीएवढं, आणि त्या टोकाशी पाण्याचा एक थेंब लोंबत होता. ती म्हणाली, "वर चला समदी." सगळे वर आल्यावर तिनं एकच घाव घातला. पाणी असं उसळलं की तिला दोर धरायलाही वेळ मिळाला नाही. पाण्यानंच तिला उचलून काठावर आणून ठेवलं, असं म्हणतात. कुणी म्हणतं मरेप्पानं उडी मारून तिला काढली. तुम्हाला जे खरं वाटेल ते धरा. पाणी आलं, एवढं नक्की.

सगळं गाव घागरी घेऊन उभं होतं. सकाळपासून कुणाच्या तोंडात थेंब नव्हता. पहिली घागर भरली, आणि पाटलांनी ती उचलली. तिम्मव्वा झाडाकडं बघत होती, पण मागायला तिचं तोंड उघडेना. माणसांची तहान तिलाही दिसत होती.

तेव्हा सगुणाबाईंनी नवऱ्याच्या हातातली घागर घेतली. "आधी आंब्याला," त्या म्हणाल्या. "त्यानं दाखवलं, तो आधी पिणार."

एवढ्या गर्दीतून एक माणूसही 'नको' म्हणालं नाही. पाणी कडेकडेनं मातीत जिरलं, तशी लोकांनी दुसरी घागर भरली.

झाड जगलं. दुसऱ्या साली त्याला मोहर आला. माघातल्या थंडीत पिवळसर तुरे फुलले आणि सगळ्या माळावर वास सुटला. हैबतरावांनी शब्द पाळायचं ठरवलं. घराची जागा बघितली, ती आखायला दोरी घेऊन माळावर आले, आणि बघतात तर तिम्मव्वा झाडाला आलेला मोहर एकेक करून खुडत होती.

"अगं, काय करतेस!" पाटील ओरडले. "फळलं तर घर, असं ठरलंय आपलं. तू तुझंच घर खुडतेस?"

"कोवळ्या अंगावर बाळंतपण नगं, पाटील. एकदा मान टाकलीय त्यानं. अजून अंग भरलं न्हाई."

"पण तुझं घर?"

"मी जन्मापासनं पालात हाय. आणखी दोन पावसाळे काय जड हाईत?"

पाटलांनी दोरी गुंडाळली आणि घरी गेले. पुढच्या साली पुन्हा मोहर आला, पुन्हा तिम्मव्वानं खुडला. त्या पुढच्या साली मात्र ती नुसती झाडाखाली बसून राहिली. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी द्यायची आणि बसून राहायची. मोहराची गुंडी झाली, गुंडीची कैरी झाली. तोवर मुळांनी ती फत्तराची कुंडी चार बाजूंनी उकलली होती, आणि झाड आपल्या पायांवर उभं होतं.

पहिले आंबे पिकले तेव्हा गाव जमलं. फोडी केल्या, कारण आंबे थोडे आणि माणसं फार. आता ऐका, कोयीचं झाड आईवर जाईलच असं नसतं. म्हातारीच्या अंगणातला आंबा साखरेसारखा होता. हा निघाला लहान, रेषाळ, आणि आंबटाकडं झुकणारा. हैबतरावांनी फोड तोंडात घातली. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"गोड आहे," पाटील म्हणाले.

तिम्मव्वा अशी हसली की झाडावरचे राघू उडाले. "पाटील, आंबट हाय! एवढं चालून आलंय, घाम नसंल का आला त्याला?" आणि मग सगळं गावच हसलं, आणि तोंडं वाकडी करत करत सगळ्यांनी फोडी संपवल्या. एक कोयसुद्धा वाया गेली नाही. त्या आंब्याला तेव्हापासून 'चाल्या' म्हणतात, आणि लोणच्याला त्याच्यासारखा आंबा नाही, हे काळखडकची माणसं आजही छातीठोकपणे सांगतात.

घर झालं. तिम्मव्वानं स्वतःच्या हातानं चिरे घडवले आणि गावानं ते उचलले. त्या घरात ती म्हातारी झाली. मरेप्पा आधी गेला, ती मागं राहिली. कुणाच्या अंगणातलं झाड पिवळं पडलं, कुणाच्या आंब्याला वाळवी लागली, की तिला बोलावणं जायचं. ती काठी टेकत जायची, बुंध्यावर बोट वाजवायची, कान लावायची आणि सांगायची. तिनं हात लावलेलं झाड मेलं नाही, असं म्हणतात. एका वैशाखात झाडाखाली पाडाचे आंबे वेगळे काढता काढता तिनं पाठ बुंध्याला टेकली आणि डोळे मिटले. त्या साली चाल्यानं आंबे उतरवल्यावर पुन्हा, भर पावसाळ्यात, मोहर धरला. असं म्हणतात आणि म्हणणारे डोळ्यांत पाणी आणून म्हणतात.

आज काळखडकात जाल तर घर तिथं आंबा दिसेल. नवं घर बांधायचं तर पायाच्या आधी झाडाचा खड्डा खणतात, आणि पहिली घागर ओतताना बायका 'तिम्मव्वा, बघ गं' म्हणतात. उन्हाळ्यात पाडाला लागलेल्या आंब्यांची पहिली पाटी गावात येत नाही. ती माळावर जाते. तिथं कुणा फिरस्त्यांची पालं पडलेली असतात, कुणी ऊसतोडीहून परतणारे असतात, कुणी मेंढरांमागचे असतात. पाटी नेणारा त्यांना तिम्मव्वाची विहीर दाखवतो. 'कुठले?' असं विचारतो. 'कधी जाणार?' असं मात्र त्या गावात कुणी कुणाला विचारत नाही.

आणि पावसाळा लागला की पोरंसोरं फुटकी मडकी गोळा करतात, त्यांत माती आणि राख भरतात आणि चाल्याच्या कोयी लावून ओट्यावर मांडून ठेवतात. माळावरचं पाल उठायला लागलं की घरातली कुणीतरी बाई तांबूस पालवीचं एक मडकं उचलते, निघालेल्या गाडीशी जाते, गाडीतल्या बाईच्या मांडीवर ठेवते आणि सांगते, "बुंध्यावर पाणी नको घालू गं, कडेनं घाल. आणि ह्यानं बूड टेकलं की तूही टेक."

त्या मुलखात भलत्याच ठिकाणी, ओसाड वळणावर नाहीतर माळाच्या मधोमध, आंब्याचं एखादं झाड उभं दिसतं. जवळ जाऊन बघावं. झाडाखाली घर असतंच, असं म्हणतात.